शारजाचा तारा शारजातून का दिसत नाही?

शारजा म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना आधी क्रिकेटचं मैदान आठवतं, आणि मग रोज सकाळी दुबईकडे जाताना लागणारी गाड्यांची रांग. पण शारजा नावाचा एक तारासुद्धा आहे. कुणी कौतुकाने ठेवलेलं हे नाव नाही, ते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने अधिकृतपणे मान्य केलेलं आहे. वृश्चिक राशीत, आपल्यापासून सुमारे ४७ प्रकाशवर्षांवर हा तारा आहे. त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो, त्याचं नाव बराजील.

आता रात्री गच्चीवर नेऊन मुलांना तो दाखवावा असं मनात आलं असेल, तर जरा थांबा. तो दिसणार नाही. शारजातून नाही, लिवाच्या वाळवंटातून नाही आणि सह्याद्रीतल्या एखाद्या गडावरून अमावास्येच्या रात्रीही नाही. नुसत्या डोळ्यांनी तो पृथ्वीवर कुठूनच दिसत नाही. ताऱ्यांच्या हिशेबात ४७ प्रकाशवर्षं म्हणजे अगदी शेजार. शेकडो प्रकाशवर्षांवरचे तारे आपल्याला लख्ख दिसतात आणि हा शेजारी दिसत नाही, हे जरा विचित्रच वाटतं ना? त्याचं उत्तर समजून घेतलं तर आपण रोज जे आकाश बघतो त्याच्याबद्दलचाही एक मोठा गैरसमज दूर होईल.

आधी नावाची गोष्ट थोडक्यात. या संघटनेला २०१९ साली १०० वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त ११२ देशांना प्रत्येकी एक तारा आणि त्याचा एक ग्रह असं नावं ठेवण्यासाठी दिलं गेलं. तारा त्या देशातून लहान दुर्बिणीतून दिसू शकेल असा असावा, एवढी काळजी घेतली होती. नावं १७ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर झाली. तोवर या ताऱ्याला फक्त क्रमांक होता : एचआयपी ७९४३१. यातलं 'एचआयपी' म्हणजे हिपार्कोस. या युरोपीय उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात एक लाखाहून जास्त ताऱ्यांच्या जागा आणि अंतरं काटेकोरपणे मोजली, आणि त्या यादीतला हा ७९४३१वा.

बराजील हा शब्द तुम्ही ऐकला नसेल, पण वस्तू नक्की पाहिली आहे. दुबईच्या अल फहिदी भागातल्या जुन्या घरांवर चौकोनी मनोरे दिसतात, ते वारा पकडून खाली घरात सोडतात. वीज आणि एसी येण्याआधी या किनाऱ्यावरचा उन्हाळा लोकांनी या मनोऱ्यांच्या आधाराने काढला. शारजाच्या जुन्या भागात मजलिस अल मिदफा या वास्तूवर तर गोल आकाराचा असा मनोरा आहे. बाकी सगळे चौकोनी, त्यामुळे हा मुद्दाम जाऊन बघण्यासारखा आहे.

भारताच्या वाट्याला त्याच वेळी एचडी ८६०८१ हा तारा आला. त्याचं नाव 'बिभा', विश्वकिरणांवर काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून. ग्रहाचं नाव 'संतमस', आणि ते पुण्यातल्या एका शाळकरी विद्यार्थ्याने सुचवलेलं आहे. ही बिभा पुढे आपल्या कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

(एक सूचना. इंटरनेटवर पैसे घेऊन 'तुमच्या नावाचा तारा' देणारे बरेच आहेत. वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला अशी प्रमाणपत्रं भेट दिली जातात. त्यांना खगोलशास्त्रात काडीचीही किंमत नाही. ही संघटना नावं विकत नाही. कागद छान छापलेला असतो, तो भिंतीवर लावायला हरकत नाही इतकंच.)

आता ताऱ्याचा पत्ता. आपल्याकडे पंचांगात अनुराधा, ज्येष्ठा, मूळ ही नक्षत्रं ओळीने येतात. तिन्हींचे तारे वृश्चिक तारकासमूहात. अनुराधा म्हणजे विंचवाचं डोकं, ज्येष्ठा म्हणजे त्याच्या छातीतला लालसर तारा आणि मूळ म्हणजे नांगी. शारजा तारा अनुराधेत आहे. गंमत अशी की अरबांकडेही चंद्राच्या मुक्कामांची अशीच यादी आहे. त्यांचे २८ मुक्काम, आपली २७ नक्षत्रं. पण त्यांच्या यादीत १७वा मुक्काम 'अल इक्लील' म्हणजे मुकुट, तो आपल्या अनुराधेच्याच ताऱ्यांचा, आणि आपल्याही यादीत अनुराधा १७वी. त्यांचा १८वा 'अल कल्ब', म्हणजे हृदय, तोच आपला ज्येष्ठा तारा. १९वा 'अल शौला', म्हणजे नांगी, तेच आपलं मूळ. इथल्या एखाद्या जुन्या जाणत्या माणसाशी आकाशाबद्दल बोलायची वेळ आली तर भाषा वेगळी असूनही तुमचे आकडे जुळतील.

तर मूळ प्रश्नाकडे येऊ. तारा दिसणं न दिसणं दोन गोष्टींवर ठरतं : तो किती प्रकाश टाकतो आणि तो किती लांब आहे. (तिसरी गोष्ट म्हणजे आपलं आकाश किती काळं आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.) ताऱ्याचं दिसणारं तेज मोजायला 'प्रत' हे माप वापरतात. ते उलटं चालतं. आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट फरक. अगदी काळ्याभोर आकाशात चांगल्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. शारजा ताऱ्याची प्रत सुमारे ११.३. म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्याही सुमारे १३० पट अंधूक.

यात अंतराचा दोष किती? एक करून बघू. आपला सूर्य उचलून शारजा ताऱ्याच्या जागी, ४७ प्रकाशवर्षांवर ठेवला तर त्याची प्रत साधारण ५.६ येते. म्हणजे ज्या सूर्याकडे आपण दुपारी बघू शकत नाही, तो तिथून काळ्या आकाशात कसाबसा दिसेल आणि शहरातून अजिबात नाही. मात्र जवळपास तेवढ्याच अंतरावर, ४३ प्रकाशवर्षांवर, ब्रह्महृदय हा तारा आहे, आणि तो हिवाळ्यात भर शहरातूनही ठसठशीत दिसतो. ब्रह्महृदय म्हणजे खरं तर दोन फुगलेले पिवळे तारे आहेत, आणि दोघांचा मिळून प्रकाश सूर्याच्या दीडशे पटीच्या आसपास आहे. अंतर जवळपास सारखं, पण एक आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांपैकी, सूर्य जेमतेम दिसण्याच्या काठावर आणि शारजा बेपत्ता. तेव्हा अंतराला दोष देता येत नाही. तारा मुळातच मिणमिणता आहे.

किती मिणमिणता? डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात मोजलं तर असे सुमारे १९० तारे एकत्र केले की एक सूर्य होईल. त्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण निम्मं, व्यासही साधारण निम्मा. पृष्ठभागाचं तापमान ३२०० ते ३४०० केल्विनच्या दरम्यान, सूर्याचं जवळपास ५८००. अशा ताऱ्यांना 'लाल बटू' म्हणतात.

आता त्याच वृश्चिक राशीत, त्याच्यापासून हातभर अंतरावर दिसणारा ज्येष्ठा तारा घ्या. ज्येष्ठेचं तापमान ३६०० केल्विनच्या आसपास, म्हणजे शारजापेक्षा फार वेगळं नाही. त्यामुळे दोघांचा रंगही बराचसा सारखा. पण ज्येष्ठा सुमारे ५५० प्रकाशवर्षांवर आहे, शारजाच्या साडेअकरा पट दूर, आणि तरीही तो भर शहरातून दिसतो. त्याची प्रत १च्या आसपास, म्हणजे शारजाहून दिसायला सुमारे १३,००० पट तेजस्वी.

इथे कागद-पेन्सिल घेऊन एक छोटा हिशेब करून बघा, मजा येईल. अंतर दुप्पट झालं की तेज चौपटीने घटतं, म्हणजे अंतराचा वर्ग धरायचा. साडेअकराचा वर्ग सुमारे १३५. म्हणजे दोघांना एकाच अंतरावर आणून ठेवलं तर ज्येष्ठा शारजाच्या १३,००० गुणिले १३५, म्हणजे १७-१८ लाख पट तेजस्वी दिसेल. हे झालं आकाशात बघून काढलेलं उत्तर. आता दुसऱ्या वाटेने जाऊ. दोघांचं तापमान जवळपास सारखं असेल, तर पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून निघणारा प्रकाशही जवळपास सारखा. मग फरक उरतो तो फक्त पृष्ठभाग किती मोठा याचा. ज्येष्ठेचा व्यास सूर्याच्या सुमारे ७०० पट, शारजाचा निम्मा. म्हणजे व्यासात फरक १४०० पट आणि क्षेत्रफळात १४०० चा वर्ग, सुमारे २० लाख पट. एका वाटेने १७-१८ लाख, दुसऱ्या वाटेने २० लाख. आपण ठोकळ आकडे घेतले, वाटेतल्या धुळीचा विचार केला नाही, तरी उत्तरं शेजारी येऊन बसली. तारा न दिसण्याचं कारण हेच : तो थंड आहे, आणि थंड असून लहान आहे. ज्येष्ठाही थंडच, पण त्याने आकाराने भरून काढलं.

बिभाला आता बोलवू. ती सुमारे ३४० प्रकाशवर्षांवर, शारजाच्या सातपट दूर. तरीही तिची प्रत ८.७, म्हणजे दिसायला शारजाहून दहा-अकरा पट तेजस्वी, साध्या द्विनेत्रीतून सापडेल अशी. बिभा ही काही ज्येष्ठेसारखी राक्षसी नव्हे, सूर्याच्याच जातकुळीतली, जरा जास्त तेजस्वी. म्हणजे लाल बटू किती मंद असतात हे कळायला ज्येष्ठेपर्यंत जायचीही गरज नाही.

आणि इथेच तो सुरुवातीला म्हटलेला गैरसमज येतो. आपल्या आकाशगंगेतले सुमारे तीन-चतुर्थांश तारे शारजासारखे लाल बटू आहेत. त्यांतला एकही नुसत्या डोळ्यांनी सहज दिसत नाही. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी प्रॉक्झिमा सेंटॉरी हाही लाल बटूच. तो ४.२ प्रकाशवर्षांवर असूनही त्याची प्रत सुमारे ११, म्हणजे शारजाएवढीच. शारजा त्याच्या अकरा पट लांब असून तेवढाच दिसतो, कारण बटूंमध्ये शारजा चांगला थोराड आहे. प्रॉक्झिमापेक्षा तो दृश्य प्रकाशात १०० पट तेजस्वी. सांगायचा मुद्दा असा की रात्री जे आकाश आपल्याला दिसतं ते ताऱ्यांच्या वस्तीचं खरं चित्र नाही. ती मूठभर लखलखीत ताऱ्यांची यादी आहे. शारजातल्या गच्चीवरून स्वच्छ हवेत दूरचा बुर्ज खलिफा दिसतो, समोरच्या गल्लीत तुळशीपुढे लावलेली पणती दिसत नाही. त्यावरून जगात पणत्यांपेक्षा बुर्ज जास्त आहेत असं कुणी म्हणेल का? आकाशाच्या बाबतीत मात्र आपण नकळत तेच म्हणत असतो.

आता रंगाबद्दल, कारण 'लाल बटू' या नावाने बऱ्याच लोकांची फसगत होते. चित्रांत हे तारे टोमॅटोसारखे लालभडक रंगवतात. प्रत्यक्षात शारजा ताऱ्याजवळ जाऊन बघता आलं असतं तर तो फिकट नारंगी दिसला असता. का, ते घरच्या घरी कळू शकतं. सुपरमार्केटमधून एलईडी बल्ब आणता तेव्हा खोक्यावर ३००० के, ६५०० के असं छापलेलं असतं. तो 'के' म्हणजे हाच केल्विन. अमुक तापमानाची तापलेली वस्तू जशा रंगाची दिसेल, तशा रंगाचा हा बल्ब आहे, असा त्याचा अर्थ. ३००० के म्हणजे 'वॉर्म व्हाइट', जुन्या पिवळ्या बल्बसारखा. जुन्या बल्बची तार खरोखरच २७०० केल्विनच्या आसपास तापायची. म्हणजे आपला 'लाल' तारा त्या पिवळ्या बल्बच्या तारेपेक्षाही गरम आहे! बल्बला आपण कधी लाल म्हटलं नाही, मग ताऱ्याला का म्हणायचं? निळसर-पांढऱ्या ताऱ्यांच्या शेजारी ठेवून खगोलशास्त्रज्ञांनी दिलेलं हे तुलनेचं नाव आहे. मला विचाराल तर 'नारंगी' हे नाव जास्त प्रामाणिक ठरलं असतं, पण ते सूर्य आणि लाल बटू यांच्या मधल्या ताऱ्यांना आधीच देऊन झालं होतं.

मुलांबरोबर करायचा प्रयोग : दोन दिवे शेजारी लावा, एक ३००० केचा आणि एक ६५०० केचा. पहिला स्पष्ट नारंगी दिसेल, दुसरा निळसर. मग दुसरा बंद करा आणि पाच-दहा मिनिटं तसेच बसा. नारंगी दिवा हळूहळू पांढरा वाटायला लागेल. डोळा आणि मेंदू मिळून सवय करून घेतात. ताऱ्याचा रंग ठरवताना म्हणूनच डोळ्यावर भरवसा ठेवत नाहीत. निळ्या आणि पिवळ्या-हिरव्या गाळण्यांतून तेज वेगवेगळं मोजतात आणि वजाबाकी करतात.

तारा मिणमिणता असण्याचं आणखी एक कारण याच तापमानात लपलेलं आहे. वस्तू जितकी थंड तितका तिचा जास्तीत जास्त प्रकाश लांब तरंगलांबीकडे सरकतो. सूर्याचा कळस दृश्य प्रकाशात आहे. शारजाचा ०.९ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे अवरक्तात, डोळ्यांच्या आवाक्याबाहेर. म्हणून सगळे किरण जमेला धरले तर त्याची ऊर्जा सूर्याच्या सुमारे ३ टक्के भरते, आणि फक्त दृश्य प्रकाश धरला तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बाकीचं सगळं आपल्या डोळ्यांसमोरून न दिसता निघून जातं. अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्याला हाच तारा साडेचार प्रतींनी, म्हणजे ६०-७० पट उजळ दिसतो. आपले डोळे सूर्याखाली घडले, त्यांना सूर्याचा प्रकाश सर्वांत चांगला दिसतो. त्यात ताऱ्याचा काय दोष!

ग्रहाबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. बराजीलचा शोध २०१० साली जाहीर झाला, हवाई बेटांवरच्या केक वेधशाळेतल्या निरीक्षणांतून. ग्रह प्रत्यक्ष कुणी पाहिलेला नाही. तो ताऱ्याला स्वतःकडे ओढतो, त्यामुळे तारा सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने पुढे-मागे डुलतो. ताशी ५४० किलोमीटर, शेख झायेद रस्त्यावरच्या गाडीच्या चौपट-पाचपट. ४७ प्रकाशवर्षांवरून ताऱ्याचा हा वेग वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्यावरून मोजला. तुलनेसाठी, गुरू आपल्या सूर्याला फक्त साडेबारा मीटर वेगाने डोलवतो. त्या डोलण्यावरून कळतं की बराजीलचं वस्तुमान गुरूच्या किमान २.१ पट आहे आणि त्याची एक फेरी १११.७ दिवसांत पुरी होते.

तो ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.३६ पट अंतरावर आहे. आपला बुध सूर्यापासून ०.३९ वर. म्हणजे बराजील बुधापेक्षाही जवळ. पण बुधाचं वर्ष ८८ दिवसांचं आणि बराजीलचं जवळपास ११२ दिवसांचं. जवळ असून सावकाश? कारण मधला तारा निम्म्या वजनाचा आहे, त्याची ओढ कमी. केप्लरच्या नियमात ०.३६ चा घन करून ०.४९ ने भागा आणि वर्गमूळ घ्या, उत्तर वर्षांत येईल. त्याचे दिवस केलेत तर ११३ च्या आसपास येतात.

आणि एवढ्या जवळ असूनही तिथे उष्णता पृथ्वीच्या साधारण पाचवा हिस्साच पोहोचते, मंगळाला मिळते त्याच्याही निम्मी. वारा खेळवणाऱ्या मनोऱ्याचं नाव मिळालेल्या ग्रहाला थंडाव्याची गरजच नाही, हे नाव ठेवणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. एवढ्या लहान ताऱ्याला एवढा मोठा ग्रह असणं ही तशी दुर्मीळ गोष्ट. या ताऱ्यात लोहाचं प्रमाण सूर्याच्या अडीच पट आहे आणि जड मूलद्रव्यांनी समृद्ध ताऱ्यांभोवती मोठे ग्रह जास्त सापडतात, तेव्हा एक धागा तिथे आहे.

अंतराचा अंदाज यावा म्हणून : पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचे तारे किंचित सरकलेले दिसतात, त्या कोनावरून अंतर काढतात. शारजाच्या बाबतीत हा कोन एका अंशाच्या छत्तीसशेव्या भागाचाही ०.०६९ पट आहे. खिशातलं एक दिऱ्हमचं नाणं ७० किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढा. आणि ४७ प्रकाशवर्षं म्हणजे काय, तर २ डिसेंबर १९७१ रोजी अमिरातीची स्थापना झाली त्या सुमाराला ताऱ्यावरून निघालेला प्रकाश इथे पोहोचला २०१९ साली. ज्या वर्षी ताऱ्याला नाव मिळालं त्याच वर्षी. योगायोग आहे, पण छान आहे.

तर मग बघायचा कसा? दुर्बीण लागेल. द्विनेत्रीने भागणार नाही. हिशेबाने काळ्या आकाशाखाली ८० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण काठावर पुरते, प्रत्यक्षात १०० ते १५० मिलिमीटरची धरा. शहरात मात्र अवघड आहे. शारजा-दुबईच्या उजेडात, त्यातून दमट रात्री, तिसऱ्या प्रतीपलीकडचे तारे मुश्किलीने दिसतात आणि खुणेचे तारेच हरवतात. शारजा अमिरातीतच पण शहराच्या उजेडापासून दूर मलेहाचं वाळवंट आहे. अबू धाबीकडच्यांना अल क़ुआ. तिथे जा.

वेळ निवडताना इथल्या हवेचा विचार करा. जुलैच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास तारा बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून ४५ अंशांवर असतो, पण जुलैत वाळवंटात उभं राहण्याची हौस कोणाला असेल? शिवाय धूळ आणि दमटपणा. मेअखेरीला मध्यरात्रीच्या थोडं नंतर तो तिथेच येतो, ते बरं. सर्वांत उत्तम मार्चचा मध्य, पहाटे पाचला. हवा थंड, आकाश स्वच्छ, मात्र उजाडायच्या आत आटपावं लागतं. वैशाख आणि ज्येष्ठ पौर्णिमेच्या आसपास चंद्र नेमका याच भागात असतो, त्या रात्री टाळा. सुट्टीत महाराष्ट्रात जाणार असाल तर तिथून हा तारा आणखी सहा-सात अंश वर चढतो, पण जून-जुलैत ढग काही बघू देणार नाहीत.

दक्षिणेकडे तोंड करून आधी नारंगी-लाल ज्येष्ठा शोधा. त्याच्या उजवीकडे वरच्या बाजूला तीन तारे जवळपास उभ्या ओळीत दिसतील, ती अनुराधा. त्यांतला सर्वांत वरचा अक्रब. अक्रबच्या डावीकडे किंचित वर, चंद्राच्या तीन रुंदींएवढ्या अंतरावर चौथ्या प्रतीचा जब्बा हा तारा आहे. तो दुर्बिणीच्या मध्यभागी आणा. जब्बा स्वतःच बघण्यासारखा आहे, चांगल्या दुर्बिणीतून त्याचे भाग सुटे दिसतात. आता सर्वांत कमी वर्धनाची नेत्रिका लावा. जब्बापासून उत्तरेला, चंद्राच्या एका रुंदीपेक्षा जरा जास्त अंतरावर आणि किंचित पूर्वेला, म्हणजे जब्बाच्याच दृश्यक्षेत्रात, शारजा आहे. दुर्बिणीत दिशा उलट्या होतात हे विसरू नका. त्याच्या आसपास तेवढेच अंधूक बरेच तारे आहेत, म्हणून स्टेलॅरियमसारख्या ॲपमध्ये एचआयपी ७९४३१ शोधून त्या भागाचा नकाशा आधी कागदावर उतरवून न्या. फोनचा पडदा डोळ्यांची अंधाराची सवय मोडतो.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवा. दुर्बिणीत तो नारंगी दिसणार नाही. इतक्या मंद प्रकाशात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. ज्या काम करतात त्यांना रंग कळत नाही, आणि तांबड्या प्रकाशाला तर त्या जवळजवळ आंधळ्याच असतात. करडा, कधी दिसतो कधी नाही असा ठिपका, एवढंच दिसेल. जरा बाजूला नजर ठेवून तिरकं बघितलंत तर जास्त ठळक वाटतो.

रंग बघायचा असेल तर कॅमेरा न्या. आकाशाबरोबर फिरणाऱ्या स्टँडवर १३५ मिलिमीटरची लेन्स लावून जब्बाच्या दिशेने अर्ध्या-एक मिनिटाचे काही फोटो घ्या. ११व्या प्रतीचा तारा त्यात आरामात येतो. जब्बा निळसर-पांढरा येईल, पुष्कळ फोटो एकत्र केलेत तर त्याच्याभोवती निळ्या धुक्यासारखी तेजोमेघाची झाकही दिसेल. उत्तर वर ठेवून फोटो मोठा करा, जब्बाच्या जरा वर, किंचित डावीकडे बघा. निळ्या-पांढऱ्या गर्दीत एक बारीक नारंगी ठिपका असेल, तो शारजा.